फाडीवरचे सुटे आंबे

इंदापूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणिताच्या एकाच जागेसाठी आम्ही अकरा जण आलो होतो. साल चौऱ्याण्णव. सांगवीहून पहिली एसटी, बारामतीला बदलून दुसरी. फळ्यावर शिकवून दाखवायचं होतं. आठवडाभर मी कलनशास्त्र घोकलं होतं, म्हणून चिठ्ठीत निघालं, 'सहाच्या पायातील संख्या', म्हणजे दहाऐवजी सहा-सहाच्या गटांत मोजणं. माझं नशीब हे असं.

दुष्काळात तेरावा महिना म्हणजे समोर संस्थेचे आप्पासाहेब बसलेले. सांगवीतली आंब्याची बाग त्यांची. माझी आई, ताईबाई, त्या बागेत पंधरा वर्षं आंबे उतरवायला जात होती. आज तरी हे कुणाला कळू नये असं मला मनापासून वाटत होतं.

फळ्यावर शून्य ते पाच अंक लिहिले आणि हात थांबला. पुढचं येत होतं, पण सांगायचं कसं ते सुचेना. खडू घामानं ओला झाला. पुण्याहून आलेल्या परीक्षक मॅडमनी घड्याळ पाहिलं. शेवटी माझ्या तोंडून निघालं, "आपण आंबे मोजू."

सहा आंब्यांची एक फाडी. डावीकडचा अंक फाड्यांचा, उजवीकडचा सुट्यांचा. मी ३२ लिहिलं: तीन फाड्या, दोन सुटे, म्हणजे आपले वीस. सुटे नसले की शेवटी शून्य. मग दोननंही भाग जातो, तीननंही. जरा जीवात जीव आला, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "पाचनं भाग जातो का, ते भागाकार न करता सांगा."

हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. बागेत फाडीमागं एक आंबा उतरवणाऱ्या बायकांचा, पाच मालकाचे. बायका पाच. सुटे धरून आपला ढीग पाचजणींत पुरला की सगळी रासच पाचात पुरते, हे आई बोटांवर सांगायची.

"प्रत्येक फाडीतून एक बाजूला काढा," मी म्हणाले. "मागं पाच-पाच राहतात, त्यांची काळजी नाही. काढलेले तीन आणि सुटे दोन, झाले पाच. म्हणून वीसलाही पाचनं भाग जातो. अंकांची बेरीज पाहायची, बस."

मॅडम खूश झाल्या. आप्पासाहेब फळ्याकडेच बघत होते.

"फाडीमागं एक हा आमच्या बागंतला रिवाज. तुमी सांगवीच्या?"

"हो. ताईबाईंची मुलगी."

"आन सुटं बायकांच्या ढिगात कसं? सुटं मालकाचं असायचं."

बेरीज समजावता समजावता मी आईची चोरी फळ्यावर मांडली होती. सुटे पुसले असते तर आई वाचली असती, पण गणित बुडालं असतं. मला भीती वाटली, आणि दोन आंब्यांचा जाब विचारणाऱ्या माणसाचा रागही आला.

"साहेब, सुटे धरले नाहीत तर उत्तर चुकतं."

"या तुमी," ते म्हणाले.

दहा दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मग नेमणुकीचं पत्र आलं. आईला वाचून दाखवलं, आप्पासाहेबांपुढं आंबे मोजल्याचंही सांगितलं, तर तिनं आधी विचारलं, "सुट्याचं त्यास्नी कळलं न्हाय ना?"

"कळलं."

आईनं पत्रावर बोट ठेवलं. "आन तरी घेतलं? नाव नीट बघ गं, तुजंच हाय का."

मी नाव पुन्हा वाचलं. मलाही तीच शंका होती.