फळ्याच्या मधोमध ओढलेली रेघ

मित्रांनो, माझं अंग शिसवी लाकडाचं, रंग काळा आणि डावा कोपरा उडालेला. मी पूर्णा गावातला एक जुना फळा आहे. आज मात्र मी मोठ्या अभिमानाने बोलणार आहे.

पाथरीच्या योगीराज मिस्त्रींनी रंधा मारून मला गुळगुळीत केलं. तेवीस वर्षं मी एका खेड्यातल्या शाळेत पाढे आणि नकाशे अंगावर मिरवले. गुरुजी मुलांना शाबासकी देत, तेव्हा त्यातली थोडी मी गुपचूप माझ्याकडे ठेवून घेई. पुढे शाळेत चमकता पडदा आला आणि मी पाण्याच्या हौदावरचं झाकण झालो. माझ्यावर कबुतरं बसू लागली.

तिथून मला उचललं त्याच शाळेत शिकलेल्या अपेक्षा मॅडमनी. त्या मानसोपचार करतात. रेल्वे वसाहतीजवळ त्यांचं दोन खोल्यांचं केंद्र आहे. त्यांनी मला नवा काळा रंग दिला आणि माझ्या मधोमध खडूने उभी रेघ ओढली. डावीकडे लिहिलं, ‘माझ्या हातात’. उजवीकडे, ‘माझ्या हातात नाही’.

ही रेघ फार जुनी आहे बरं का! दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीस आणि रोममध्ये स्टोइक नावाचे विचारवंत होते. त्यांच्यातला एक तर पायाने अधू गुलाम होता. त्यांचं सांगणं असं, की घडणारं सगळं आपल्या हातात नसतं. पण त्याचा अर्थ काय लावायचा आणि पुढे कसं वागायचं, हे आपलंच काम. आजच्या मानसोपचारानेही हा धागा उचलला आहे.

एका सोमवारी रोहिणीताई आपल्या नवऱ्याला घेऊन आल्या. महारुद्र त्याचं नाव. सोळा वर्षं मालगाडी चालवणारा माणूस, पण खुर्चीत असा बसला जणू खुर्ची दुसऱ्याची आहे. चार महिन्यांपूर्वी एक म्हातारा अचानक त्याच्या गाडीपुढे रुळांवर आला आणि गाडीखाली सापडून गेला. चौकशीत महारुद्र निर्दोष ठरला. तरी इंजिनाचा आवाज ऐकला की त्याला दरदरून घाम फुटे. नोकरी सोडायचा अर्ज खिशात तयार होता.

मॅडमनी त्याच्या हातात खडू दिला. त्याने डावीकडे, ‘माझ्या हातात’च्या खाली लिहिलं : ‘म्हाताऱ्याचा जीव.’

मॅडमनी वाद घातला नाही. "भोंगा वाजवला होता?"

"वाजवला की! लय येळ वाजवला."

"ब्रेक?"

"दिसल्याबरोबर मारला. पण भरलेली मालगाडी हाय मॅडम, किलोमीटरभर थांबत न्हाई."

"मग गाडीचं वजन कुठं लिहाल?"

तो पुन्हा माझ्याकडे वळला. मग तळहाताने ते शब्द पुसले. डावीकडे लिहिलं, ‘भोंगा, ब्रेक’. उजवीकडे लिहिलं, ‘गाडीचं वजन, म्हातारा’. लिहिता लिहिता तो ओक्साबोक्शी रडला.

मला वाटलं, जिंकलो! पण पुढच्या सोमवारी तो पुन्हा मान खाली घालून आला. "तुमच्या फळ्यावरचं पुसलं मॅडम, डोक्यातलं कुठं पुसायलंय? दगडावानी व्हायचं का मी आता?"

"नाही. दगडाला रडू येत नाही, तुम्हाला येतं. रडायचं. आणि रडून झालं, की आज आपल्या हातात काय आहे ते शोधायचं."

मग मॅडमनी सांगितल्याप्रमाणे ते नवरा-बायको पायरी पायरीने पुढे सरकू लागले. आधी फाटकाजवळ उभं राहायचं. मग फलाटावर. मग उभ्या इंजिनात बसायचं. वाटेत काय काय वाईट घडू शकतं आणि तेव्हा आपण काय करू, हेही शांतपणे आधीच मनात घोळवायचं. दोनदा तो फाटकावरूनच माघारी पळाला. रोहिणीताई म्हणाल्या, "पळाले तर पळाले. परवा पुन्यांदा जाऊ."

एके दिवशी त्याने न विचारता खडू उचलला आणि डाव्या बाजूला लिहिलं : ‘म्हाताऱ्याच्या घरी जाणं.’ मॅडमनी आधी त्या घरी निरोप धाडून विचारलं. ‘येऊ द्या,’ असं उत्तर आलं.

तो गेला. परत येऊन त्याने जे सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. म्हाताऱ्याची बायको नर्मदाबाई दारातच उभी होती. तो हात जोडून उभा राहिला, तेव्हा तीच म्हणाली, "बाबा, त्यांना दोनी कानांनी ऐकू येत नव्हतं. तू भोंगा वाजवलास, तो साऱ्या गावानं ऐकला. तुझ्या मनानंच तेवढा ऐकला न्हाई. आता घरात ये, च्या पी."

मित्रांनो, त्यानंतर महारुद्रची पाठ ताठ झाली. खिशातला अर्ज त्याने स्वतः फाडला. रेल्वेच्या डॉक्टरांनी तपासून त्याला गाडी चालवायला योग्य ठरवलं. आणि एका सकाळी, ड्युटी संपवून, ग्रीस लागलेल्या हातांनीच तो दारात उभा राहिला.

"नेली मॅडम! त्याच जाग्यावरून नेली. छाती धडधडली, घाम बी आला. पण हात माझ्या ताब्यात व्हते!"

बाहेर थांबलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. रोहिणीताई हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. मी भिंतीवर नसतो तर नाचलोच असतो!

ही हकिगत मी त्याच्या परवानगीने सांगतोय. "नाव घेऊन सांगा," तो म्हणाला, "म्हंजी दुसऱ्याला यायला लाज वाटणार न्हाई." आता त्याच्या ओळखीने आणखी तीन चालक इथे येतात.

मुलांनो, हात मोडला तर आपण तो झाकून ठेवत नाही, प्लास्टर घालून घेतो. मन दुखावलं तरी तेवढंच करा. आईला सांगा, गुरुजींना सांगा, उपचार करणाऱ्या माणसाकडे जा. घरात कोणी गप्प गप्प झालं असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. मदत मागणं हे नेहमी डाव्या बाजूला येतं.