बाबारावचे दोनशे किलोमीटर

महामायेची आण, खारून नदीच्या पाण्याची आण, नाकातल्या या खड्याची आण! यातला शब्द न् शब्द खरा आहे. मधातच कोणी "हॅट, असं कुठं असते का" म्हटलं, तर त्यानं सरळ उठावं अन् आपल्या घरी जावं. चहा भेटणार नाई.

तर बाबाराव. भनपुरीच्या नाक्यापाशी त्यायचा धर्मकाटा होता. ट्रक तोलायचा तो मोठा लोखंडी पाट असते ना, तोच. ट्रक वर चढला का केबिनीत आकडा दिसते अन् पर्ची निघते. राज्य नवं नवं झालं होतं. हॉस्पिटलच्या बिल्डिंगीत मंत्रालय बसलं होतं, जिकडे पाहा तिकडे बंगले उठून राहिले होते, अन् उरल्याच्या कारखान्यायहून सळाखीचे ट्रक दिवसरात्र बाबारावच्या काट्यावर चढून राहिले होते. "राजधानी सरकारनं बनवली असंल," ते म्हणत, "पण तिले तोललं म्या."

माणूस सोळा आणे खरा. काट्यावर कोणी पैसे देऊन पर्ची विसरला, तर बाबाराव धोतराचा सोगा धरून ट्रकच्या मागं धावत. म्हणत, "दिल्या पैशाचा माल उचलला नाई, तर देणाऱ्यालेबी पाप अन् घेणाऱ्यालेबी पाप." पण तोलायची ही सवय घरी येतानी काट्यावर ठेवून येता येत नाई ना! पोट्ट्यासाठी पोरगी पाहायले राजनांदगावले गेले, तर तिथं बर्फीचा डबा हातात उचलून म्हणाले, "पाव किलो म्हणून आणली काय? कमी आहे." भिलाईले गेले, तर देवघरातली समई उचलून पोरीच्या मायले सांगितलं का दुकानदारानं तुम्हाले फसवलं. दोन्ही सोयरिका जागीच मेल्या.

आता राहिली गोंदियाची. हेडमास्तर श्रीपादरावची गंधाली. बाबारावच्या पोरानं, परागनं, तिले एका लग्नात पाहिलं अन् तेव्हापासून त्याचं जेवणात ध्यान नाई. तो शंकर नगरात सरकारी ऑफिसात होता, विधानसभेचं सत्र लागलं म्हणून सुट्टी भेटली नाई. मायबाप आधी जाऊन येतील असं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी पोट्टा बापासमोर उभा राहिला.

"बाबा, ये रिश्ता बिगड़ा ना, तो मैं फिर कहीं लड़की देखने नहीं जाऊँगा. साफ बोल रहा हूँ."

"अरे, मी काय बिघडवतो? मी तं तोंडच उघडत नाई!"

बाबारावची बायको प्रेमलाबाई आतून म्हणाल्या, "तोंड नका उघडू अन् हातातबी काही उचलू नका. एवढंच करा."

बाबारावनं कबूल केलं. मनापासून केलं. पण मधात रेल्वेची खिडकी आली.

"गोंदिया, दो स्लीपर," बाबाराव म्हणाले. बाबूनं भाडं सांगितलं. बाबारावच्या डोक्यात आकडा बसेना. त्यायनं नागपूरचं विचारलं. गोंदिया अर्ध्या वाटेच्या थोडंसं पुढं, पण नागपूरचं भाडं काही दुप्पट नव्हतं, दीडपटबी नव्हतं. मुंबईचं विचारलं, तर किलोमीटरमागं ते अजूनच स्वस्त. मग उलटं डोंगरगडचं विचारलं. डोंगरगड इतकं अलीकडं, तरी भाडं गोंदियाएवढंच!

"ये कैसा तोल है भैया? जवळ जाणाऱ्याले मार अन् दूर जाणाऱ्याले माया?"

"नियम है. स्लीपर में कम से कम दो सौ किलोमीटर का लगता है. बीस जाओ चाहे दो सौ."

मागून लाईनीतला एक ओरडला, "कका, आघू बढ़ ना गा! गाड़ी छूट जाही!"

बाबाराव हलले नाई. खिडकीत तोंड घालून त्यायनं विचारलं, "दो सौ किलोमीटर में कहाँ तक जा सकता हूँ?"

"तिरोड़ा."

"तो तिरोड़ा दो."

प्रेमलाबाईनं मागून त्यायचा सदरा ओढला. "अहो, आपल्याले गोंदियात उतरायचं आहे."

"उतरू ना," बाबाराव म्हणाले. पण कसे म्हणाले! बैल मान हालवते अन् जाग्यावरच उभा राहते ना, तसे.

गाडी निघाली. दुर्ग गेलं, राजनांदगाव गेलं. डोंगरगडले बाईनं खिडकीतून डोंगरावरच्या बमलाई देवीले हात जोडले, बाबारावनं बी जोडले. बाईले वाटलं, सुटली भानगड. पण बाबारावच्या डोक्यात काटा हालूनच राहिला होता. पैसे दोनशेचे दिले. माल गोंदियापर्यंतच उचलायचा. मंग बाकीचं कोणाच्या पोटात गेलं?

गोंदिया आलं. फलाटावर श्रीपादराव हातात झेंडूचा हार घेऊन उभे, बाजूले त्यायची बायको कुसुमताई. आता गंमत ऐका. पोरीनं स्टेशनवर येऊ नये असं मायनं बजावलं होतं, तरी गंधाली आली होती. चहाच्या ठेल्यामागं उभी होती. सासरा-सासू कसे उतरतात ते आपल्याले पाहायचं, त्यायनं आपल्याले पाहायच्या आधी. बरोबरच आहे ना!

प्रेमलाबाईनं थैली उचलली. बाबाराव जागचे उठले, दारापर्यंत आले, अन् दारातच खांब झाले.

"या, या बाबारावजी!" श्रीपादराव म्हणाले.

"येतो ना मास्तर. तिरोड्याले जाऊन येतो."

"तिरोड्याला? तिथं कोण आहे तुमचं?"

"कोणी नाई. पण पैसे तिथपर्यंतचे दिले आहेत."

श्रीपादरावले वाटलं पाहुणे थट्टा करून राहिले. ते हसले. कुसुमताईबी हसल्या. मग गाडीनं भोंगा दिला अन् दोघांयचं हसू उतरलं.

"उतरता का नाई?" प्रेमलाबाईनं दातओठ खाऊन विचारलं.

"प्रेमला, तत्त्वाची गोष्ट आहे."

"मग बसा आपल्या तत्त्वावर! मी माणसायकडे चालली." अन् बाई थैलीसकट खाली उतरल्या. त्या पायानं अधू, पण त्या दिवशी अशा उतरल्या का फलाट दणाणला.

गाडी हालली. श्रीपादरावचा हात हारासकट तसाच वर. त्यायले काय सुचलं देव जाणे, त्यायनं तो हार फेकला. अन् तो नेमका बाबारावच्या गळ्यात पडला! अख्ख्या डब्यानं टाळ्या वाजवल्या.

फलाट मागं गेला, बाबाराव दारातच उभे. आता समजलं आपण काय केलं ते. पोट्ट्याचा चेहरा समोर आला. साखळी ओढावी का? पण साखळी ओढायचा दंड डोळ्यासमोर आला अन् हात मागं आला. एकेक खांब सरकू लागला. पैसे वसूल होऊन राहिले होते, अन् आयुष्यात पहिल्यांदा बाबारावले वाटलं का हे वसूल होऊच नाई.

तिरोडा आलं. गळ्यात हार घालून बाबाराव उतरले. बाकावर बसले. निवडणूक हरलेल्या उमेदवारासारखे.

जनरल डब्यातून एक पोरगी उतरली. ठेल्यावरून दोन चहा घेतले अन् सरळ बाबारावकडे आली.

"काका, चहा घ्या."

"तू कोण पोरी?"

"गंधाली. जिला पाहायला आले होते ना तुम्ही, ती."

बाबारावच्या हातातला चहा धोतरावर सांडला.

"तू... तू काहून आली? बिनातिकीट?"

"बिनातिकीट कशी? मी इथल्या बँकेत आहे, रोजचं अपडाऊन आहे माझं." तिनं पर्समधून मासिक पास काढला. बाबारावनं तो हातात घेतला, डोळ्याजवळ नेला, दूर नेला. मनातल्या मनात भागाकार केला. आठवडाभराच्या जाण्यायेण्याच्या पैशात पोरगी महिनाभर फिरून राहिली होती!

"म्हणजे तू तं रेल्वेले लुटून राहिली!"

गंधाली खळखळून हसली. "अन् तुम्हाला वाटते रेल्वे तुम्हाला लुटते. काका, गाडी धावायला खर्च आहेच, पण निघायलाच जास्त आहे. इंजिन लागते, ड्रायव्हर, गार्ड, तुमची बर्थ, चार्टात तुमचं नाव. माणूस पुढच्याच स्टेशनवर उतरला तरी हे सगळं लागतेच. एकदा निघाली का मग पुढचा रस्ता स्वस्त पडते."

"पण तोल सारखा पाहिजे का नाई? जेवढा माल तेवढा भाव!"

"आणि दूर कोण जाते काका? तुमच्याकडचीच माणसं वीटभट्टीवर कुठं कुठं जातात, लेकरंबाळं घेऊन. सारख्या भावानं तोललं तर ती सणाला घरी कशी येतील?"

बाबारावनं मान हालवली, पण पुरी नाई, अर्धी. "ते ठीक आहे. पण तोल तो तोल."

"बरं, एक सांगा. तुमच्या काट्यावर रिकामा ट्रक आला, तर पैसे कमी घेता का?"

"कमी काहून घेईन?" बाबाराव उसळले. "काटा तेवढाच लागते! केबिनीत माणूस बसवाच लागते, बिजली जळतेच, पर्ची तेवढीच फाटते. ट्रक रिकामा असो का भर..."

अन् इथं बाबाराव थांबले. तोंड उघडं ते उघडंच. तिरोड्याच्या फलाटावरची एक माशी आत जाऊन पाहून परत आली, तरी मिटलं नाई.

इतकी वर्षं लोखंड तोललं, सिमेंट तोललं, धान तोललं. पण असं कोणी त्यायच्याच तोंडून त्यायचाच जवाब काढून समोर ठेवला नव्हता. अन् तेबी आवाज न चढवता, चहा पाजून!

"पोरी," ते हळूच म्हणाले, "तू मले हे सांगायले आली काय एवढ्या दूर?"

"नाई. गाडी हालली तशी मी मागच्या डब्यात चढले. घरी बाबा चिडले असतील. बालाघाटचं एक स्थळ दिवेलागणीला येते. आई म्हणेल, तुमच्याकडे आता हो म्हणायचं नाही. मला वाटलं, दिल्या पैशाचा रस्ता सोडत नाही असा माणूस एक तर शब्दाचा पक्का असेल, नाई तर नुसताच हेकट. दोन्हीपैकी काय ते आपल्या डोळ्यानं पाहावं."

"मग काय दिसलं?"

"थोडं थोडं दोन्ही. घरी चला, बाकीचं तिथं दिसेल."

परतीच्या पॅसेंजरचं तिकीट बाबारावनं काढलं. भाडं किती झालं, ते पाहिलंसुद्धा नाई. नोट दिली, चिल्लर खिशात टाकली.

दोघं मास्तरच्या घरी आले. प्रेमलाबाई पदरानं डोळे पुसून राहिल्या होत्या. श्रीपादराव बसायलेबी म्हणाले नाई. बाबाराव उंबऱ्यातच उभे राहिले, अन् आपल्या दोन्ही हातानं आपले दोन्ही कान धरले. एवढा मोठा माणूस, पांढऱ्या मिशा!

"मास्तर, तुमी हार घेऊन उभे होते अन् मी उतरलो नाई. रेल्वेले शिकवायले निघालो होतो, तुमच्या पोरीनं मलेच शिकवलं. सोयरीक करा, नका करू, तुमची मर्जी. पण माझ्या हेक्याचा दंड माझ्या पोट्ट्याले देऊ नका. तो माझ्यावर नाई गेला, मायवर गेला आहे."

पदराआडून प्रेमलाबाईचं रडणं चट् थांबलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यायची तारीफ झाली होती, अन् तीबी चार लोकांत.

श्रीपादरावनं खुर्ची पुढं सरकवली. मग म्हणाले, "गंधाली, बालाघाटवाल्यांना काय सांगू?"

"येऊ नका म्हणून सांगा," गंधाली म्हणाली. "आणि काका, परागला पाठवा एकदा. बापाला पाहून झालं, आता मुलाला पाहते."

कुसुमताईनं कपाळाले हात लावला, पण हसू त्यायलेबी आवरलं नाई.

पराग पुढच्या आठवड्यात गेला. काय बोलले दोघं कोणाले माहीत, पण पोट्टा परत आला तो शिट्टी वाजवत अन् दोन पोळ्या जास्त खाऊन झोपला. लग्न गोंदियाले झालं, थाटात झालं. आता लोकं बाबारावले काही विचारायले आले का ते म्हणतात, "थांबा, सूनबाई बँकेतून येऊ द्या."

सारं खरं आहे हो. फक्त हाराचं म्या थोडं मनानं घातलं. तो बाबारावच्या गळ्यात पडलाच नाई. मागं शेंगदाणेवाला उभा होता, त्याच्या गळ्यात पडला, अन् आपला सत्कार कोणी काहून केला ते त्याले नागपूरपर्यंत समजलं नाई.