दोन बोटं कमी पडलेला दोरा

दारात चपलांचा ढीग साचला होता. शेजारणी खिडकीला नाकं लावून उभ्या होत्या आणि आत दोऱ्यानं मोजून बाधा सांगणारे दोरेबाबा घरच्या सात महिन्यांच्या पोटुश्या सुनेच्या पोटाभोवती पांढरा पिळाचा दोरा धरून माप घेत होते. दोरा नेमका पुरला. मग त्यांनी तो तांब्यातल्या पाण्यात बुडवला, काहीतरी पुटपुटले आणि पुन्हा धरला. दोन बोटं कमी पडला.

"हिच्यावर पडलेली वाईट सावली आत फुगतेय," बाबा म्हणाले. "नऊ दिवस हिनं ही खोली सोडायची नाही. डॉक्टरचं मशीन दिसलं की ती चवताळते."

सावलीला डॉक्टर चालत नव्हता. बाबांना चहा मात्र दोनदा चालला. रोजच्या मापासाठी दोऱ्याची लडी ठेवून ते गेले आणि सासूबाईंनी बाहेरून कडी लावली. बाई वाईट नव्हती. शिवणकामावर घर ओढलेलं, पहिलंच नातवंड, जीव धास्तावलेला. पण कडी ती कडीच.

तीन आठवड्यांपूर्वी सुनेला ताप येऊन गेला होता. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, की ताप उतरला म्हणून निर्धास्त राहू नका. काही विषाणू वारेपर्यंत पोचतात, वार सुजते, आणि बाळाचं अन्नपाणी, श्वास सगळं तिच्यातूनच जातं. बाळ कमी हललं तर तडक या. कालपासून ते कमी हलत होतं. आज सकाळपासून एकदाच, तेही पुसटसं. नवरा परगावी, फोन सासूबाईंच्या कपाटात.

ती कुशीवर पडून पलीकडचं शिलाई मशीन ऐकत राहिली. मशीन थांबलं, बादलीत पाणी पडू लागलं. सासूबाई कापायच्या आधी सुती कापड भिजत घालत होत्या, मागाहून आटू नये म्हणून.

ती ताडकन उठून बसली. दार वाजवत राहिली. शेवटी कडी निघाली.

"आई, त्या लडीतल्या दोऱ्यानं ही उशी मोजा."

"उशी कशाला?"

"मोजा तर."

सासूबाईंनी कुरकुरत मोजली, उशीभोवती नेमका पुरेल तेवढाच दोरा तोडला. मग सुनेनं सांगितलं तसा तो भिजवून पुन्हा धरला. दोन बोटं कमी.

"आई, उशीलाही दिवस गेलेत का?"

सासूबाईंनी ओला दोरा बोटांत चोळून पाहिला. "पिळाचं सूत," त्या हळूच म्हणाल्या. "भिजलं की आखडतं. जन्मभर हेच करत आले गं मी."

"बाळ हलत नाहीये, आई."

मशीनवरचं कापड तसंच टाकून दोघी निघाल्या.

दवाखान्यात आधी बाळाचे ठोके ऐकू आले, मग सून रडली. तपासणीत दिसलं, वारेतून बाळाकडे रक्त कमी जात होतं. डॉक्टरीणबाईंनी दाखल करून घेतलं. खात्री देत नाही म्हणाल्या, पण वेळेत आलात. पोटाला पट्टे, अंगाला वायरी, उठायची बंदी. तरी ती या खाटेवर मुकाट पडून राहिली, कारण इथे कुणीतरी बाळाचं ऐकत होतं.

वारेची सूज बाहेरून कुणालाच दिसत नाही. बाबाला नाही आणि सासूच्या मायेलाही नाही. गरोदरपणी ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. बाळ हलायचं कमी झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरातलं कुणी आडवं आलं, तर त्यांनाही सोबत घेऊन जा.