पाणी कुठवर चढतं

ठकुबाईने देवळीतला अडकित्ता उचलला आणि गुपचूप लुगड्याच्या ओच्यात टाकला. बाहेर ओटीवर तिच्या नवऱ्याची, रखमाजीची, सुपारी फोडायची घाई चालली होती. एकदा सुपारी फुटली की लेकीचं, सगुणाचं, लग्न ठरलं. मग ब्रह्मदेव आला तरी ते मोडायचं नाही.

पोरगा दिसायला वाईट नव्हता. ज्ञानू त्याचं नाव, मुंबईला विजेच्या रेल्वेत कामाला. आईबाप नाहीत म्हणून मुलगी बघायला एकटाच त्यांच्या पासली गावापर्यंत चालत आलेला. पण आल्यावर घटकाभर टेकायचं सोडून तो सकाळभर नदीकाठाने हिंडला आणि भेटेल त्याला एकच विचारीत सुटला, पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं? वरच्या माळावर दगडावर दगड रचतानाही त्याला गुराख्यांनी पाहिलं होतं.

ते ऐकल्यावरच ठकुबाईने अडकित्ता लपवायचं ठरवलं. तिच्या माहेरी, पलीकडच्या खोऱ्यात, असाच एक गोडबोल्या मोजणीदार आला होता. त्यानेही हेच विचारलं, असेच दगड रचले आणि त्यांना चुना फासला. भावाने तर त्याला भाकरी वाढली होती! पुढे धरण झालं आणि भावाचं घर, भातखाचरं, सगळं पाण्याखाली गेलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथे तर एकुलती एक लेक द्यायची होती.

ओटीवर बसलेल्या ज्ञानूसमोर ती दारात येऊन उभी राहिली.

"पावनं, तुमची ती गाडी कशी असती?"

"धूर न्हाई, इंजान न्हाई, मावशी. एक गेली की मागनं दुसरी हायेच. लांबलांबची माणसं तिच्यातनंच कामाला येत्यात. ती थांबली तर मुंबईची चूल पेटायची न्हाई."

"आन चालती कशावर?"

"तारंतल्या विजेवर."

"ती कुठनं येती?"

ज्ञानू घुटमळला. "धरणाच्या पान्यापासनं."

रखमाजीने खाकरून बायकोला डोळ्यांनी दटावलं. ती बधली नाही.

"म्हंजी मुंबईला अजून पानी लागतंय. म्हनून धाडलंय तुमाला. पोरगी बघायचं नुसतं निमित्त!"

ज्ञानूचा चेहरा उतरला. त्याने कोपऱ्यातलं गाठोडं पुढे ओढलं. आल्यापासून त्याने ते कुणाला उचलू दिलं नव्हतं, हेही ठकुबाईने हेरून ठेवलं होतं. आत फडक्यात गुंडाळलेला, शेंदूर फासलेला नारळाएवढा दगड होता.

"आमची वाघजाई," तो म्हणाला. "ज्या धरणाची वीज गाडीला, त्याच धरणात गाव गेलं आमचं. देवी उचलून टेकाडावर मांडली, तर फुडल्या साली तितंबी पानी आलं. मग मुंबईला खोलीवर नेली. पन गावाची देवी खोलीत किती दीस कोंडायची? लगीन हितं जुळलं तर हितंच मांडीन म्हनलं. पानी येनार न्हाई अशी जागा बगून माळावर चौथरा रचत हुतो."

ठकुबाईला आपल्या जिभेची लाज वाटली. ती खाली बसली, देवीला हात लावला. बोटांना शेंदूर लागला तो तिने पुसला नाही.

"आन तरी त्याच गाडीची भाकरी खाता?" तिने हळूच विचारलं.

"दुसरं हाय काय, मावशी?"

तिने ओच्यातून अडकित्ता काढून नवऱ्यापुढे ठेवला. रखमाजी बघतच राहिला. मग त्याने सुपारी फोडली.

उन्हं कलल्यावर ज्ञानू देवी घेऊन माळाकडे निघाला, तशी ती अंगणात आली.

"जावईबापू, माळावर नगं. त्याच्या वर, कड्याच्या बुडाला मांडा."

"माळावर पानी कधीच चढायचं न्हाई, मावशी. सगळ्यांनी सांगितलंय."

"माज्या भावालाबी सगळ्यांनी हेच सांगितलं हुतं," ठकुबाई म्हणाली. "मुंबईच्या चुली अजून वाढनार हाईत. वर मांडा."