लिलावघरातलं लग्न

"दिवे लावा," ताई म्हणाली.

"अहो, लावलेलेच आहेत," हॉटेलचा मॅनेजर म्हणाला. "हा आमचा खास मंद प्रकाश. यातले फोटो बघाल तर वेड्या व्हाल."

"वेडं व्हायला मला फोटो लागत नाहीत. मुंगे, जा बघू त्या टोकाला."

मुंगी म्हणजे माझी भाची, नवरीमुलगी. ती निमूटपणे खांबांना वळसे घालत हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि तिने नुसतेच ओठ हलवले. आवाज अजिबात नाही. ताईने डोळे बारीक केले, मान वाकडी केली आणि निकाल जाहीर केला, "नापास."

मॅनेजर माझ्याकडे बघायला लागला. मी छतावरची नक्षी बघायला लागलो. हा कितवा हॉल होता ते मोजणं मी सोडून दिलं होतं. माझी ड्रायव्हिंग स्कूल आहे, त्यामुळे गाडी माझी, पेट्रोल माझं आणि मायलेकींना छत्री धरून आत पोचवायचं कामही माझंच. आमच्याकडे पाऊस थांबायची वाट बघत बसलं तर मुली म्हाताऱ्या होतील. त्यामुळे लग्न छपराखालीच करायचं हे ठरलेलं, आणि छप्पर कुठलं यावरून ताईने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते.

तिचं कारण मला ठाऊक होतं. ताईची उमेदीची वर्षं गेली कापड गिरणीत, मागावर उभं राहून. माग सुरू झाले की शेजारणीने कानाशी किंचाळलं तरी कळत नाही. म्हणून तिथल्या बायका आवाज काढायच्या भानगडीतच पडत नाहीत. ओठ मोठे करून हलवायचे, जोडीला हात. या मागावरच्या बोलीत त्या भांडतात, औषधं सुचवतात, सुपरवायझरच्या समोर उभं राहून त्याचीच टिंगल करतात. ताईचे कान मागांनी हळूहळू नेले. डावा साफ गेला आहे, उजवा नावापुरता उरलाय. पण समोरच्याचं तोंड उजेडात दिसलं की तिच्या नजरेतून एक शब्द सुटत नाही.

हे व्याह्यांना माहीत नव्हतं. ताईने मला आणि मुंगीला शपथ घातली होती.

"विहीणबाई गाणं शिकवतात," ती मला म्हणाली होती. "सुरांत राहणारं माणूस ते. त्यांच्यापुढे बहिरी विहीण म्हणून उभी राहू? आणि मुंगी लग्नात जे वचन बोलेल ते मला माझं मला कळायला हवं. शेजारच्याला 'काय म्हणाली, काय म्हणाली' विचारत बसणार नाही मी."

आतापर्यंत तिने छान निभावून नेलं होतं. अडचण एकच, व्याह्यांच्या मिशा. त्या इतक्या भरघोस की खाली ओठ आहेत की नाहीत याचीच शंका यावी. त्यामुळे ते काहीही बोलले की ताई "हो, हो, बरोबर आहे" म्हणून मोकळी व्हायची. आपल्या विहिणीसारखी समंजस बाई जगात नाही असं त्यांचं ठाम मत झालं होतं.

विहीणबाईंनी आपल्या पसंतीचा एक हॉल सुचवला होता. तळघरातला, जुन्या दगडी कमानींचा. आवाज तिथे असा घुमायचा की खोकलासुद्धा भारदस्त वाटावा. पण उजेडाच्या नावाने बोंब. ताई त्याला नाही म्हणाली आणि कारण मात्र सांगेना. "ओल आहे," इतकंच. विहीणबाईंचा चेहरा पडला. मुंगीचा नवरा होणारा मुलगा गरीब स्वभावाचा, तो आळीपाळीने दोघींच्या चेहऱ्यांकडे बघत राहिला.

मग आम्हाला लिलावघर सापडलं. मंडईमागचं हे फुलांचं लिलावघर सकाळी उघडतं आणि दुपारी रिकामं होतं. मध्ये मोकळी जागा, तिन्ही बाजूंनी वर चढत जाणाऱ्या लाकडी पायऱ्यांची बाकं, दोन्ही भिंतींना उंच खिडक्या. खांब एकही नाही. कुठेही बसा, प्रत्येकाला प्रत्येकाचं तोंड दिसतं. सगळीकडे ताज्या देठांचा हिरवा वास भरून राहिलेला. मुंगी टोकाच्या बाकावर जाऊन ओठांनी काहीतरी म्हणाली आणि ताई खुदकन हसली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणते, हे पण नापास केलंस तर मी पळून जाऊन लग्न करीन. पास!"

विहीणबाईंनीही मध्यभागी उभं राहून एक सूर लावला. तो वरच्या बाकापर्यंत गेला आणि अलगद परत आला. "आवाज छान फिरतो इथे," त्या म्हणाल्या. मी मनात गाडी न्यूट्रलला टाकली आणि श्वास सोडला. राखणदार सांगत होता की पावसात इथला लिलाव बोटांच्या खुणांवर चालतो. व्यापाऱ्यांची काहीतरी पद्धत असेल म्हणून आम्ही कौतुकाने माना डोलावल्या. त्या दिवशी नेमकी उघडीप होती.

जागा निवडताना उजेड बघितला, खांब बघितले, बाकं बघितली. छप्पर पत्र्याचं आहे हे कोणी बघितलंच नाही. बघितलं असतं तरी ताईच्या घरात पत्रा म्हणजे गळत नाही ना एवढाच प्रश्न. तो वाजतो हे त्या घरात कोणाच्या ध्यानात येणार?

लग्नाच्या दिवशी पाहुणे बसले, खिडक्यांतून पांढरा उजेड आला, सगळं झकास दिसत होतं. विहीणबाईंच्या विद्यार्थिनी गायला उभ्या राहिल्या आणि पाऊस कोसळला. अख्ख्या छपरावर कोणी खडी ओततंय असा आवाज. मुली तोंडं उघडून गात होत्या आणि ऐकू एक अक्षर येत नव्हतं. विहीणबाईंचे हात हवेतच राहिले. लग्न लावणारे अधिकारी कानाला हात लावून नवरदेवाकडे वाकले. पाहुण्यांनी एकमेकांकडे बघून खांदे उडवायला सुरुवात केली.

ताई मात्र पहिल्या बाकावर प्रसन्न बसली होती. सगळ्यांची तोंडं हलत होती, म्हणजे तिच्या दृष्टीने कार्यक्रम सुरळीत चालला होता. शेवटी मीच तिच्यासमोर जाऊन ओठांनी सांगितलं, "ताई, पाऊस! कोणाला काही ऐकू येत नाहीये!"

तिने वर पत्र्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मग तिने विहीणबाईंकडे बघितलं. बिचाऱ्या रडकुंडीला आल्या होत्या. ताई क्षणभर थांबली. आता जे करायचं ते केलं की झाकलेलं सगळं उघडं पडणार, हे तिला कळत होतं. मलाही कळत होतं. मी नको म्हणायच्या आत ती उठली, मध्यभागी गेली आणि दोन्ही हात डोक्यावर उंच धरून हलवले. गिरणीतून आलेल्या तिच्या सगळ्या मैत्रिणी एकदम तिच्याकडे वळल्या. ताईचे ओठ म्हणाले, "पसरा. एकेका बाकावर एकेक. बघा आणि शेजारच्यांना कानात सांगा."

बायका पदर खोचून उठल्या. मागखात्यातली शिस्त ती! बघता बघता प्रत्येक बाकावर गिरणीतली एकेक बाई जाऊन बसली.

विहीणबाई धावत आल्या आणि ताईच्या कानाशी ओरडल्या, "हे काय चाललंय?" ताईने त्यांना खांद्याला धरून समोर वळवलं. स्वतःच्या कानांना हात लावून मान हलवली. मग त्यांच्या ओठांकडे बोट दाखवलं. विहीणबाई बघतच राहिल्या. व्याह्यांना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. मग ते माझ्या कानात गरजले, "म्हणजे त्यांना माझं काहीच पटत नव्हतं?"

मुंगी उभी राहिली. अधिकाऱ्यांनी खूण केली आणि ती मागावरच्या बोलीत बोलायला लागली, मोठे ओठ, मोकळे हात, चेहऱ्यावर सगळा अर्थ. "तू चुकलास तर तोंडावर सांगीन. माझं चुकलं तर आधी भांडीन, मग मान्य करीन. तू दमलास की काही विचारणार नाही, शेजारी बसीन." बायका बघत होत्या आणि शेजाऱ्यांच्या कानात सांगत होत्या. हसू आधी पहिल्या बाकावर फुटलं, मग वर वर चढत गेलं. मग नवरदेव बोलला, आणि तोसुद्धा त्याच बोलीत! मुंगीने गुपचूप शिकवलं होतं. "तुझ्या आईशी मी कधीही पाठमोरा बोलणार नाही," असं काहीसं त्याला म्हणायचं होतं. त्याने ओठांचा असा काही घोळ घातला की बायकांनी जागेवरूनच त्याला दुरुस्त केलं आणि तीनदा म्हणायला लावलं. अख्खं लिलावघर हसत होतं, टाळ्या वाजवत होतं. इतकं जिवंत लग्न मी आजवर बघितलेलं नाही.

मुंगी आईकडे वळली. "आई, सगळं ऐकलंस?"

ताईने दोन्ही हात वर केले. तिच्यामागे वरच्या बाकांपर्यंत गिरणीतल्या सगळ्या बायकांचे हात वर गेले. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

विहीणबाई ताईसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी ताईचा तळहात उचलून आपल्या गळ्याखाली ठेवला आणि गायला लागल्या. माग नीट चाललाय का ते ताई असाच हात ठेवून ओळखायची. तिने डोळे मिटले. ओठ वाचायचे सोडून तिने डोळे मिटलेले मी पहिल्यांदाच बघितले. पूर्ण गाणं होईपर्यंत तिने हात काढला नाही.

जेवणं सुरू झाली आणि पाऊस एकाएकी थांबला. ओरडून बोलणारे पाहुणे आपल्याच आवाजाने दचकले आणि ओशाळून हळू बोलायला लागले. मधल्या बाकावर ताई आणि तिच्या मैत्रिणी विहीणबाईंना मध्ये घेऊन बसल्या होत्या. ओठ हलत होते, हात उडत होते, हसून हसून खांदे गदगदत होते, आणि त्या बाकावरून आवाज म्हणून येत नव्हता. मी सांगायला उठत होतो, तेवढ्यात मुंगीने माझा हात धरून मला खाली बसवलं. विहीणबाईंनी एकदा छपराकडे बघितलं, मग बायकांकडे, आणि पुन्हा नुसते ओठ हलवून बोलू लागल्या. पाऊस थांबल्याचं ताईला कोणीच सांगितलं नाही.