दुधाने न्हालेली गिटार

मित्रांनो, तासगावच्या तानाजीरावांच्या घरी, काचेच्या कपाटात, त्यांच्या मुलाच्या फोटोशेजारी हार घालून उभी असायची ती लाल गिटार म्हणजे मी. आता जुनी झाले आहे. विजेवर चालणारी जात माझी, त्यामुळे वीज नसली तर माझा आवाज शेजारच्या खोलीतही जात नाही.

कारखान्यातला जन्म मला फारसा आठवत नाही. लाकूड कापले, तारा ओढल्या, रंग दिला, झाले. पुढे विश्वजितने मला पुण्याहून एसटीने आणले. त्याचे वडील तानाजीराव फौजेतून निवृत्त होऊन द्राक्षबाग करीत. मला बघून म्हणाले, "काय रं हे? असल्यानं पोट भरतंय व्हय?" विश्वजित नुसता हसला आणि मला बेदाण्याच्या शेडमध्ये घेऊन गेला. हंगाम संपला की शेड रिकामीच असे. तिथे त्याने रॉक गाणी रचली, तीही आपल्या बोलीत. पाण्याच्या टँकरवर, भरतीला निघालेल्या पोरांवर. साताऱ्या-सांगलीच्या कॉलेजांनी त्याला डोक्यावर घेतले. आपल्या भाषेत असेही गाता येते, हे पोरांना तेव्हा कळले. आज कितीतरी बँड त्याच वाटेने गातात. माझीही चैन होती, खोटे कशाला बोलू? प्रत्येक कार्यक्रमानंतर तो मला कोरड्या फडक्याने पुसायचा.

एकदा लोणंदचा कार्यक्रम आटोपून परतताना त्याची मोटारसायकल ट्रकवर आदळली. मी मागच्या टेम्पोत होते. तो गेला. मला काही वाटेनासेच झाले. घरातही कोणी फार रडले नाही, सगळे नुसते बसून असायचे.

ज्यांनी मला कधी हात लावला नव्हता, ते तानाजीराव रोज मला हळदकुंकू वाहू लागले. खंडेनवमीला कोयत्या-कुऱ्हाडींसोबत पाटावर मांडू लागले. वर्षश्राद्धाला तर त्यांनी मला दुधाने न्हाऊ घातले. एवढ्या मायेला नको कोण म्हणणार? दूध आत झिरपत गेले.

विश्वजितचे एक गाणे अर्धे राहिले होते. धाकट्या बहिणीने, प्रियदर्शनीने, ते पुरे केले. तिला ते माझ्यावरच वाजवायचे होते. "आवं आबा, एकडाव द्या की," ती म्हणायची. "देवाला कुणी असं हाताळतं व्हय?" आबांचे, म्हणजे तानाजीरावांचे, ठरलेले उत्तर.

यंदा साताऱ्यात त्याच्या स्मृतीचा कार्यक्रम ठरला, तेव्हा कुठे आबा कसेबसे राजी झाले. शेडमध्ये तिने मला स्पीकरला जोडले, तार छेडली. नुसती घरघर आली. मागचे झाकण उघडले, तर आत गंज चढलेला आणि कुंकवाचा चिकटा.

"कुणी केलं हे?" आबांनी विचारले.

"दूध आत गेलंय, आबा."

आबा शेडच्या खांबाला टेकून खाली बसले. म्हणाले, "म्हंजे म्याच." तिने झाकण परत बसवले.

"दुरुस्त व्हईल का गं?"

"व्हईल. पर आतलं सगळं बदलाय लागंल. दादाचा आवाज परत येणार न्हाई, आबा. दुसरा येईल."

"दुसरा तर दुसरा," आबा म्हणाले. "तुजा येऊ दे."

मित्रांनो, सध्या मी सांगलीत दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर उघडी पडले आहे. विश्वजितच्या बोटांना ओळखणारा माझा आवाज शेजारच्या डब्यात भंगार होऊन पडला आहे. ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याला देव करून कपाटात ठेवू नका. वाजवा, झिजू द्या.