उलटलेली कॉलर

शिंपीमास्तरांनी गेल्या वर्षी मोठा शहाणपणा केला होता. जुन्या क्रेडिट कार्डाचं आणि ओव्हरड्राफ्टचं कर्ज त्यांनी नव्या कार्डावर हलवलं. वर्षभर व्याज शून्य! "सुटलो एकदाचे," म्हणत ते घरभर मिरवले. पण मोकळं झालेलं जुनं कार्ड त्यांनी पुन्हा काठोकाठ भरलं, आणि आता तिसऱ्या कार्डाचा फॉर्म बायकोपासून लपवून बटणांच्या डब्याखाली ठेवला होता.

दुपारी पोस्टमन शर्ट घेऊन आले. "मास्तर, कॉलर परत विरली. उलटून द्या की."

"अहो, गेल्याच वर्षी उलटली ना? कॉलर एकदाच उलटते. आता दोन्ही बाजू गेल्या. किती दिवस स्वतःला फसवणार?" मास्तर नेहमीच्या तोऱ्यात बोलले खरे, पण त्यांची नजर बटणांच्या डब्याकडे गेली.

कोपऱ्यात बायको काजं करत होती. पोस्टमन गेल्यावर तिने मोठी कात्री त्यांच्यापुढे सरकवली.

"फॉर्म सकाळीच सापडला मला. काढा ती कार्डं."

मास्तरांनी मान खाली घातली. चाळीस वर्षं कापड कापणाऱ्या त्या हाताला कात्री धरवेना.